‘परी’ नव्हे, ‘भली माणसे’

आयरिश लोकश्रद्धेतील अतिमानुष योनींविषयी मराठीत लिहिताना ‘परी’ हा शब्द सहजपणे योजला जातो. फारसीतून आलेला हा शब्द सौंदर्य, पंख आणि बालवाङ्मय यांचे संस्कार सोबत आणतो. आयर्लंडमधील ग्रामस्थ मात्र या योनीला ‘भली माणसे’ म्हणत. हे नामकरण प्रेमापोटी नव्हे, तर भयापोटी झालेले आहे.

ही श्रद्धा मूलतः स्थलनिष्ठ होय. मध्ययुगाच्या आरंभी शेतकऱ्यांनी मातीच्या गोल बांधांनी वेढलेल्या वस्त्या उभारल्या. त्या ओसाड पडल्यावर ‘भल्या माणसां’ची घरे मानल्या गेल्या. तेथे नांगर घालण्यास कोणी धजत नसे. असे हजारो अवशेष आजवर टिकण्याचे ते एक कारण होय. मृत्यूची पूर्वसूचना देणारी ‘बॅनशी’ही सर्वांसाठी आक्रोश करीत नाही, ती विशिष्ट जुन्या घराण्यांचीच असते. भूमी आणि कुळ यांची स्मृती अशा रीतीने या कथांतून जपली गेली.

डब्ल्यू. बी. येट्स यांच्या १८८८ च्या संकलनाने या कथांना वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली, हे निर्विवाद आहे. तथापि त्या काव्यमय धुक्यात भयाची सामाजिक बाजू झाकोळली. १८९५ मध्ये टिपरेरी काउंटीतील ब्रिजेट क्लिअरी या विवाहितेला पतीने नातलगांच्या देखत जाळले. खरी पत्नी पळवली गेली असून घरात तिचा तोतया आहे, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. स्वराज्यविरोधकांनी या घटनेत आयरिश जनतेच्या मागासलेपणाचा पुरावा शोधला. अँजेला बर्क यांच्या १९९९ च्या ग्रंथाने मात्र शिवणकामातून स्वतंत्र मिळकत असलेल्या त्या अपत्यहीन स्त्रीभोवतीचे ताण उलगडून दाखविले. लोककथेने त्या ताणांना भाषा पुरविली होती. ‘रम्य कल्पना’ आणि ‘अडाणी अंधश्रद्धा’ ही दोन्ही वाचने म्हणूनच सारखीच अपुरी ठरतात.

१९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० शाळांतील मुलांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले लोकसाहित्य वह्यांत उतरविले. सुमारे ७,४०,००० पृष्ठांचा तो संग्रह आज डब्लिनच्या विद्यापीठात आहे. त्यातील अनेक कथांखाली सांगणाऱ्याचे नाव व गाव यांची नोंद आढळते. अभ्यासाची खरी दिशा त्या साध्या नोंदींत आहे. ‘भली माणसे’ अस्तित्वात आहेत काय, हा लोकसाहित्याच्या अभ्यासकापुढील प्रश्न नव्हे. कथा कोणी, कोठे, कोणाविषयी सांगितली आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागली, हे त्याने विचारले पाहिजे.