१० हजारांत ४ की ६? शरीरातल्या कार्बनचा हिशेब पुन्हा का मांडावा लागला?

माणसाच्या वजनात सुमारे १८ टक्के वाटा कार्बनचा असतो. हा कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार झाला. पण तो किती वेगाने तयार होतो, यावरून २०२० पासून शास्त्रज्ञ पेचात पडले होते.

नेमकं प्रकरण काय?

ताऱ्यात हेलियमची तीन केंद्रकं एकत्र येतात आणि कार्बनचं केंद्रक बनतं. मात्र सुरुवातीला ते उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जेच्या अवस्थेत असतं. अशी अवस्था असलीच पाहिजे, असं डॉ. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांनी सांगितलं. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेकमध्ये ती सापडली. तिलाच ‘हॉयल अवस्था’ म्हणतात.

पण १० हजारपैकी तब्बल ९,९९६ वेळा हे केंद्रक पुन्हा फुटतं. फक्त ४ वेळा ते जादा ऊर्जा बाहेर टाकून टिकतं. विश्वातला बहुतेक कार्बन या चारांतूनच आला आहे.

मग वाद कशाचा?

नॉर्वेतल्या ओस्लोमध्ये कार्बनवर प्रोटॉनचा मारा करून ही अवस्था तयार करण्यात आली. केंद्रक टिकलं, तर बहुतेक वेळा दोन गॅमा किरण पाठोपाठ बाहेर पडतात. ते मोजल्यावर २०२० मध्ये उत्तर आलं: ४ नव्हे, सुमारे ६!

हे खरं असतं, तर ताऱ्यात कार्बन आणि ऑक्सिजन किती बनतो, मोठ्या ताऱ्यांचा शेवट कसा होतो, ही गणितं नव्याने करावी लागली असती.

मोजणी इतकी अवघड का?

हव्या असलेल्या घटना मूठभर आणि इतर किरणांचा गोंगाट प्रचंड. त्यात प्रत्येक गॅमा किरण उपकरणात पकडला जात नाही. किती निसटले, याचा अंदाज थोडा चुकला तरी उत्तर बदलतं.

शेवटी काय निघालं?

इतर गटांनी वेगळी वाट धरली. गॅमा किरणांऐवजी त्यांनी टिकून राहिलेली कार्बन केंद्रकंच मोजली. उत्तर आलं सुमारे ४. त्यानंतर ओस्लोच्या प्रयोगशाळेतही गॅमा किरणांची मोजणी पुन्हा झाली. तिथेही ४ च!

दोन वेगळ्या पद्धतींचा आकडा जुळल्याने जुनी गणितं तूर्तास शाबूत आहेत. मात्र ओस्लोच्या नव्या आकड्यातही सुमारे १० टक्के कमी-जास्त होण्याची शक्यता आहे. आता शर्यत आहे ती हा फरक कमी करण्याची.