गाडीची सुटलेली पट्टी

आष्ट्याच्या बाजारात, मशिदीबाहेर किंवा एखाद्या शादीच्या मंडपाशेजारी उभ्या असलेल्या गाड्यांवरून सहज नजर फिरवा. पंधरा-वीस वर्षांची एखादी मारुती किंवा सँट्रो दिसेल. इंजिन ठणठणीत असते, सीटवर स्वच्छ कव्हर असते, पण दाराच्या मधोमध जाणारी काळी पट्टी एका टोकाने सुटून लोंबत असते. कोणी ती सुतळीने बांधलेली असते, तर कोणी तिच्यावर पॅकिंगची तपकिरी टेप मारलेली असते. गॅरेजवाले या पट्टीला बिडिंग म्हणतात. या महिन्यात तिच्याविषयी बोलू. काम छोटे आहे, घरी होण्यासारखे आहे, आणि वाटते तेवढे बिनमहत्त्वाचे नाही.

बिडिंग केवळ शोभेसाठी नसते. शेजारच्या गाडीचे दार उघडताना लागणारा ठोका पत्र्याऐवजी ती झेलते. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या अरुंद रस्त्याने जातात, तेव्हा पहिला ओरखडा तिच्यावरच उमटतो. मात्र सुटलेली पट्टी धोक्याची असते. पेठ-सांगली रस्त्यावर वेगात जाताना वारा तिच्याखाली शिरतो आणि ती फडफडू लागते. उडाली तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाईल. म्हणून ती नीट बसवायला वेळ नसेल, तर पूर्ण काढून घरात ठेवा. अर्धवट लटकवून रस्त्यावर जाऊ नका.

दुसरे कारण खर्चाचे. खाजगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. वीस वर्षांवरील कारसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर असतोच. एवढे पैसे भरून गाडी ठेवायची, तर तिचा पत्राही टिकला पाहिजे. पत्र्याला गंज लागण्याची सुरुवात पुष्कळदा या पट्टीच्या मागेच होते, कारण तिथे पाणी आणि धूळ साचते आणि ते कोणाला दिसत नाही.

आता कामाकडे वळू. आधी आपली पट्टी कशाने बसवलेली आहे ते पाहा. अँबॅसॅडर, पद्मिनी या जुन्या गाड्यांवरच्या चकचकीत धातूच्या पट्ट्या क्लिपांवर बसत. पत्र्याला भोके असत, त्यांत क्लिपा दाबायच्या आणि त्यांवर पट्टी अडकवायची. नंतरच्या बहुतेक गाड्यांवर प्लॅस्टिकची पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपने लावलेली असते. आपल्याकडे तिला डबल टेप म्हणतात. काही गाड्यांत दोन्ही असते: टोकांना क्लिप आणि मध्ये टेप. सुटलेला भाग हलकेच उचलून आत बघितले की लगेच समजते.

उरलेली पट्टी ओढून काढू नका. जुने प्लॅस्टिक कडक झालेले असते, ते तुटते, आणि कधी त्याच्याबरोबर रंगाचा पापुद्राही निघून येतो. हेअर ड्रायरने पट्टी कोमट करा, किंवा दुपारी गाडी तासभर उन्हात ठेवा. मग गळाला लावतात ती नायलॉनची दोरी, म्हणजे तंगूस, पट्टीच्या मागे घालून करवतीसारखी मागे-पुढे ओढत न्या. जुना फोम कापला जाईल आणि पट्टी अखंड हातात येईल. स्क्रू-ड्रायव्हर खुपसला तर पत्र्यावर कायमचा चरा पडतो.

पट्टी निघाली की मागचा पत्रा नीट पाहा. तिथे वाळलेला गाळ असेल तर तो ओल्या फडक्याने काढा. गंजाचे ठिपके असतील तर बारीक पाणी पेपरने चमकदार धातू दिसेपर्यंत घासा. त्यावर प्राइमर आणि गाडीच्या रंगाचा हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावर टेप लावली तर ती रंगासकट निघते. रंगाला आठवडा लागला तरी चालेल, तोवर पट्टी घरातच असू द्या. भोक पडण्याइतका गंज असेल तर मात्र ते डेंटरचे काम आहे.

जुन्या टेपचा चिकटा पत्र्यावरून आणि पट्टीच्या पाठीवरूनही निघाला पाहिजे. अंगठ्याने चोळले की बराचसा वळ्या होऊन निघतो. उरलेल्यासाठी फडक्यावर थोडे रॉकेल किंवा पेट्रोल घेतले तरी चालते, पण तिथेच थांबू नका. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर कोणतीही टेप धरत नाही. म्हणून साबणाच्या पाण्याने धुवा आणि वाळवा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन स्वच्छ फडक्याने पुसा. हात धुण्याचे सॅनिटायझर त्याऐवजी वापरू नका. त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि त्याचाही थर राहतो. हे सगळे पदार्थ पेट घेणारे आहेत, तेव्हा काम मोकळ्या हवेत करा आणि जवळ कोणाला विडी-सिगारेट ओढू देऊ नका. पुसल्यावर त्या जागेला बोटही लावू नका, कारण बोटालाही तेल असते.

इथे बहुतेक लोक एक सोपा वाटणारा उपाय करतात: क्षणात चिकटणारा गोंद. तो का टिकत नाही, हे आठवी-नववीतल्या मुलामुलींना गणित घालून दाखवता येईल. लोखंडी पत्रा दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढतो. बिडिंगचे प्लॅस्टिक सुमारे ८० भाग वाढते. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत गाडीच्या अंगाला ४० अंशांचा फरक सहज पडतो. मग एक मीटर लांबीत पत्रा अर्धा मिलिमीटर वाढेल आणि पट्टी तीन मिलिमीटरहून जास्त. झटपट गोंद काचेसारखा कडक वाळतो. त्याला ही ओढाताण सोसत नाही, वरून खड्ड्यांचे हादरे असतातच, आणि तो तडकतो. फोमची टेप रबरासारखी ताणली जाते, म्हणून ती दोघांनाही धरून ठेवते. अमेरिकेच्या थ्रीएम कंपनीने १९८० मध्ये अशी अ‍ॅक्रिलिक फोमची टेप बाजारात आणली. आज गाडीची चिन्हे आणि पट्ट्या लावायला याच जातीची टेप वापरतात. घेताना गाडीच्या बाहेरच्या भागासाठीची अ‍ॅक्रिलिक फोम टेप मागा. भिंतीवर चित्र चिकटवायची पांढरी टेप उन्हापावसात टिकत नाही.

आंबट वासाचे सिलिकॉनही पत्र्यावर लावू नका. वाळताना त्यातून व्हिनेगरचे आम्ल सुटते आणि उघड्या लोखंडाला गंज चढतो. दारात नवीन भोक पाडून स्क्रू मारणे तर त्याहून वाईट. पाणी आत शिरते, आणि स्क्रू आतल्या काचेला किंवा ती वर-खाली करणाऱ्या यंत्रणेला लागू शकतो.

क्लिपांची पट्टी असेल तर तुटलेली क्लिप नमुना म्हणून सोबत घ्या आणि सांगली, मिरज किंवा कोल्हापूरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तिच्याशी ताडून नवीन आणा. भोकाच्या कडेचा गंज आधी साफ करून रंगवा. क्लिपा सैल बसत असतील तर कापूस-कागद कोंबू नका. त्यात ओल धरते.

पट्टी लावताना दोन माणसे असावीत. पेंटरची कागदी टेप आधी दारावर सरळ रेषेत लावा. पुढच्या आणि मागच्या पट्टीशी ती एका ओळीत येते का, हे चार पावले मागे जाऊन बघा. मग डबल टेप न सोलता पट्टी धरून दार उघडून-मिटून पाहा. दाराच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर दार उघडताना पट्टी पुढच्या मडगार्डला अडते. दाराच्या खालच्या कडेला पाणी जाण्याची बारीक भोके असतात, ती बुजवू नका. सगळे जुळले की टेप सोला, एका टोकापासून बसवत जा आणि प्रत्येक बोटभर जागा अंगठ्याने जोरात दाबा. या टेपला दाबच धरायला लावतो. पत्रा हाताला कोमट लागेल अशी वेळ निवडा. थंडीच्या पहाटे किंवा पत्रा चटके देत असताना हे काम करू नका.

त्यानंतर सबुरी लागते. साधारण तापमानात ही टेप वीस मिनिटांत निम्मी, चोवीस तासांत नव्वद टक्के आणि बहात्तर तासांत पूर्ण पकड घेते. म्हणजे जुम्याला ईदची तयारी म्हणून पट्टी लावली, तर सोमवारपर्यंत गाडी धुऊ नका. पुढेही वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोरदार फवारा पट्टीच्या कडेवर जवळून मारू देऊ नका.

शेवटी एक गोष्ट, जी टेपपेक्षा महत्त्वाची आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशा गाड्या धुऊन, पॉलिश करून पुन्हा विकल्या जातात. जुनी गाडी घेणार असाल तर सीटखाली, कार्पेटखाली बघाच, पण सुटलेल्या बिडिंगच्या मागेही बोट घाला. तिथे बारीक गाळ लागला तर गाडीची हकीकत कळते. मुलीला नोकरीसाठी किंवा आजारी अम्मीला दवाखान्यात नेण्यासाठी घेतलेली गाडी सहा महिन्यांत गंजून बसली, तर त्या घराची साठवलेली पुंजी बुडते.

आणि आपणच विकणारे असू, तर? पट्टी काढल्यावर आतला गंज आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो. त्यावर नवी टेप मारून गाडी विकली, तर घेणाऱ्याला तो ऐब दिसणार नाही, पण आपल्याला तो माहीत असतो. ऐब सांगून माल विकावा, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून दिली जाते. ती किराणा दुकानाला लागू आहे तशी दारातल्या मारुतीलाही आहे. दोन-चार हजार कमी आले तरी चालतील. घेणारा आपल्याच पेठेतला असतो, उद्या मशिदीत किंवा बाजारात समोर येतो, आणि तेव्हा नजर चुकवावी लागू नये.

या सुट्टीत घरातल्या मुलामुलींना सोबत घेऊन हे काम करून बघा. एकाने पट्टी धरावी, दुसऱ्याने रेषा बघावी. तीन दिवसांनी पट्टी हाताने ओढून पाहा. नीट पुसून, नीट दाबून लावली असेल तर इन्शाअल्लाह ती जागची हलणार नाही.