दुरुस्तीची किल्ली कोणाच्या हाती?

विकत घेतलेल्या यंत्रावर घेणाऱ्याची मालकी कोठपर्यंत चालते, हा प्रश्न पूर्वी कोणाला पडण्याचे कारण नव्हते. मोटारीचा पाटा तुटला तर मिस्त्री तो बदलून देई आणि पैसे चुकते झाले की व्यवहार संपे. मोटारीत संगणक शिरल्यापासून हा व्यवहार इतका साधा राहिलेला नाही. हवेच्या सस्पेन्शनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

काही महागड्या मोटारींत पोलादी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे असतात. कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो, चाकांजवळचे सेन्सर गाडीची उंची टिपतात आणि संगणक त्यानुसार झडपा उघडतो वा मिटतो. सेन्सर किंवा संगणक बदलला, की गाडीची योग्य उंची त्याला बहुधा नव्याने सांगावी लागते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजायचे आणि तो मिलिमीटरमधील आकडा दोष शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून संगणकात नोंदवायचा. एवढे राहिले, तर नवा भाग बसवूनही गाडी एका अंगाला कलून उभी राहू शकते.

हे काम नांदेडच्या वा लातूरच्या कुशल मिस्त्रीच्या आवाक्याबाहेरचे मुळीच नाही. टेप त्याच्यापाशी असतो. नसतो तो सॉफ्टवेअरचा परवाना, आणि काही कंपन्यांच्या बाबतीत त्यांच्याकडूनच मिळणारा संकेतांक. परिणामी किरकोळ कामासाठी गाडी पुण्याला किंवा हैदराबादला न्यावी लागते. गाडीबरोबर मजुरीचा पैसाही जिल्ह्याबाहेर जातो आणि वर्षानुवर्षे कमावलेले हातातील कसब बिनकामाचे ठरते.

अशा गाड्यांच्या धन्यांची चिंता शिक्षकाने वा कारकुनाने का वाहावी, असे कोणी विचारील. परंतु १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ची मानके लागू झाली आणि कर्ज काढून घेतलेल्या दुचाकीतही दोष नोंदविणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. आज श्रीमंताच्या मोटारीला असलेले कुलूप उद्या सामान्याच्या वाहनाला आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला लागणार नाही, याची हमी कोण देणार?

खरेदीपूर्वी ग्राहकापुढे अनेक कंपन्या असतात. खरेदीनंतर एकच उरते. दुरुस्ती महाग पडली म्हणून कोणी गाडी बदलत नाही, आणि या अगतिकतेतच मक्तेदारीचे मूळ आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या निर्णयात नेमके हेच ओळखले. चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावून आयोगाने सुटे भाग व दोष शोधण्याची साधने स्वतंत्र कारागिरांनाही उपलब्ध करण्यास सांगितले. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करण्यासही मनाई केली. निर्णयाविरुद्ध अपिले झाली. पुढे २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले. मात्र पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटार दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

कंपन्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. दाबाखालील हवेशी अर्धवट ज्ञानाने खेळणे धोक्याचे आहे; चुकीची उंची नोंदवली तर दिव्यांचा झोत आणि गाडीचा तोल दोन्ही बिघडतात. चोरी रोखणारे संकेतांकही वाटेल त्याच्या हाती देता येणार नाहीत. तथापि, हा युक्तिवाद प्रशिक्षणाच्या बाजूने आहे, मक्तेदारीच्या नव्हे. डॉक्टरकीलाही परीक्षा आणि नोंदणी असते. म्हणून औषधोपचाराचा मक्ता एकाच रुग्णालयाला कोणी देत नाही.

तेव्हा उपाय दुहेरी हवा. परीक्षा देऊन नोंदणी केलेल्या कारागिराला वाजवी शुल्कात परवाना देणे कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक व्हावे. दुसरीकडे, नांदेड व लातूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून अशी उपकरणे ठेवून जुन्या मिस्त्रींसाठी सायंकाळचे वर्ग चालवावेत. एकट्या गॅरेजला न पेलणारी साधने कारागिरांच्या सहकारी संस्थेला पेलू शकतील. सहकार या महाराष्ट्राला नवा नाही. मराठवाड्याच्या विकासाची चर्चा बहुधा मोठ्या कारखान्यांभोवती फिरते. हाती असलेला रोजगार टिकविणे हाही विकासच होय, आणि त्याला पैशापेक्षा कायद्याचे पाठबळ अधिक हवे आहे.