शेवटच्या पानावरचा निर्णय

छातीत धडधड होते म्हणून ३४ वर्षांचा एक तरुण बाह्यरुग्ण विभागात आला. ईसीजी व्यवस्थित, थायरॉइडचा अहवाल व्यवस्थित, रक्तदाब मात्र १५०/१००. झोप किती होते, असे विचारल्यावर तो गप्प बसला. उत्तर त्याच्या पत्नीने दिले. "सर, हे रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाइलवर पत्ते खेळतात. बंदी आली तेव्हा वाटलं, सुटलो. आता दुसरंच कुठलं तरी बाहेरच्या देशातलं ॲप आहे." ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. पण अशी कुटुंबे आता सरकारी रुग्णालयात नवीन राहिलेली नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे लावून खेळायचे पोकर, रमी, फँटसी क्रिकेट असे सगळे ऑनलाइन खेळ त्यात बंद झाले. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद पुन्हा रंगला आहे. डॉक्टर म्हणून मला त्याहून जवळचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे: पैसे लावण्याच्या क्षणी त्या माणसाचा मेंदू नेमका कोणता हिशेब करत असतो?

या तरुणाला मी विचारले, "सगळ्यात जास्त आठवतो असा एक डाव सांगा." तो लगेच सांगू लागला.

पोकरच्या प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी मिळून पाच पाने उघडतात: आधी तीन, नंतर एक आणि शेवटी एक. या शेवटच्या पानाला 'रिव्हर' म्हणतात. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावता येतात. समोरच्याने लावले तर तेवढेच भरून 'कॉल' करायचा, नाही तर पाने टाकायची. तीन पत्ती खेळणारे त्याला 'पॅक' म्हणतात.

याच्या हातात इस्पिकचा एक्का आणि चौकटचा राजा होता. मध्ये बदामचा एक्का, बदामची दश्शी, किलवरची पंजी आणि इस्पिकची अठ्ठी. म्हणजे एक्क्यांची जोडी; तोवर बहुधा हाच पुढे. शेवटचे पान आले बदामची सत्ती. आता समोरच्याच्या हातात दोन बदाम असतील तर त्याचा पाच पानांचा कलर झाला आणि एक्क्यांची जोडी हरली. डावावर १२ हजार रुपये जमले होते, त्यांतले सहा हजार याचे. आतापर्यंत नुसते कॉल करत आलेल्या समोरच्या खेळाडूने अचानक आणखी १२ हजार लावले. पडद्यावर सेकंद उलटे मोजले जाऊ लागले.

इथला हिशेब सातवीच्या मुलालाही जमेल. भरायचे १२ हजार, जिंकलो तर मिळणार २४ हजार. तीनदा असा कॉल केला, दोनदा हरलो आणि एकदा जिंकलो, तर १२ आणि १२ गेले, २४ आले, बरोबरी. म्हणून प्रश्न एवढाच उरतो: हा माणूस अशा ठिकाणी तीनपैकी एकदा तरी हूल देत असेल का?

न दिसलेले बदाम दहा. त्यांतून दोन-दोन पानांच्या ४५ जोड्या होतात. त्यांतल्या बऱ्याच जोड्या समजदार खेळाडू सुरुवातीलाच टाकून देईल. समजा, २० उरल्या. मग कॉल परवडण्यासाठी अशा आणखी निदान १० जोड्या सुचायला हव्यात, ज्या हातात असताना हा माणूस केवळ हूल म्हणून १२ हजार लावेल. आधीच्या टप्प्यांवर शांतपणे साथ देणारा आणि तिसरा बदाम पडताच एवढी रक्कम लावणारा अनोळखी खेळाडू असेल, तर इतक्या हुली सापडणे कठीण. शिवाय एक्क्यांच्या एका जोडीला हरवणाऱ्या इतर जुळण्या आहेतच. पाने टाकणे हाच बहुधा शहाणपणाचा निर्णय होता.

त्याने कॉल केला. समोरच्याने बदामची राणी आणि गुलाम दाखवले. अर्थात, पैसे गेले म्हणून निर्णय चुकला असे मी म्हणत नाही. तीनपैकी दोनदा हरणारा कॉलही बरोबर असू शकतो, हे वरच्या गणितातच आहे. चूक कळते ती कारणे विचारल्यावर. मी विचारली, तेव्हा त्याने तीन सांगितली. "सहा हजार आधीच गेले होते, सोडणार कसे?" "त्या रात्री मी आधीच ४० हजारांनी खाली होतो." आणि तिसरे, "तो फसवत होता की नाही हे कळलं नसतं तर झोपच लागली नसती."

या तिन्ही कारणांत समोरच्याच्या पानांचा विचार कुठेच नाही. एकदा डावात टाकलेले सहा हजार त्याचे राहिलेलेच नव्हते. पुढच्या निर्णयात त्यांना जागा नाही. चित्रपट रटाळ आहे हे कळूनही तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून शेवटपर्यंत बसणारे आपण सगळे हीच चूक करतो. दुसरे कारण अधिक घातक. डॅनियल कानमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले की फायदा समोर असताना माणूस सावध असतो, पण तोट्यात सापडला की बरोबरीला येण्यासाठी मोठी जोखीम घेतो. त्याच्यासाठी तो डाव १२ हजारांचा नव्हता, ४० हजार परत मिळवण्याचा होता. तिसरे कारण अनिश्चिततेचे. न कळण्याची अस्वस्थता थांबवण्यासाठी त्याने १२ हजार रुपये मोजले.

हा हिशेब मला परका नाही. रात्री छातीत दुखते म्हणून आलेला रुग्ण, ईसीजी संदिग्ध. हृदयविकाराचे उपचार सुरू करायचे की थांबायचे? उपचाराचा फायदा आणि धोका तोलून, आजाराची शक्यता अमुक एका उंबरठ्यापलीकडे गेली की उपचार द्यावा, अशी मांडणी पॉकर आणि कासिरर या डॉक्टरांनी १९८० मध्ये केली. कॉलसाठीचा एक तृतीयांशचा उंबरठा त्याच जातीचा. फरक भोवतालचा आहे. मला काही तासांनी ट्रोपोनिनची तपासणी पुन्हा करता येते, वरिष्ठांना फोन करता येतो, परिचारिका टोकते. मागच्या खाटेवरच्या रुग्णाचे नुकसान या रुग्णावर भरून काढायचे माझ्या मनात येत नाही. आणि तरीही सलग ड्युटीच्या शेवटी माझे निर्णय ढासळतात, हे मी जाणतो. मोबाइलवर रात्री दोन वाजता एकट्याने खेळणाऱ्याला टोकणारे कोणी नसते.

त्यात वेग. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. ऑनलाइन एका टेबलावर त्याच्या दुप्पट होतात आणि एकाच वेळी चार टेबले उघडता येतात. कंपनी बहुतेक डावांतून आपला वाटा कापून घेते, त्यामुळे बरोबरीत राहणाराही प्रत्यक्षात हळूहळू खालीच जातो.

मेंदूत काय घडते? वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत दिसले की डोपामिन सोडणाऱ्या पेशी बक्षिसापेक्षा अनपेक्षित बक्षिसाने जास्त उद्दीपित होतात. ठरलेल्या पगाराने त्या शांत असतात. कधी मिळते, कधी नाही, अशा पैशाने जाग्या राहतात. याचा पुरावा आम्हाला एका वेगळ्या आजारात मिळतो. पार्किन्सनसाठी प्रामिपेक्सोलसारखी, डोपामिनचे काम करणारी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना आयुष्यात प्रथमच जुगाराची अनावर ओढ लागते आणि औषध कमी किंवा बंद केल्यावर बहुधा ती ओसरते. आयुष्यभर काटकसरीने जगलेल्या माणसाचा स्वभाव एका गोळीने असा बदलत असेल, तर जुगाराला केवळ संस्कारांची उणीव म्हणणे किती अपुरे आहे, हे लक्षात यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सध्याच्या यादीतही जुगाराचा विकार व्यसनांच्या शेजारी आहे.

मग पोकर कौशल्याचा खेळ नाही का? आहे. जानेवारी २०१७ मध्ये 'लिब्रेटस' या संगणक कार्यक्रमाने चार व्यावसायिक खेळाडूंना निर्विवाद हरवले. नुसत्या नशिबावर ते शक्य नव्हते. पण ती स्पर्धा १ लाख २० हजार डावांची होती. कौशल्य नशिबाच्या गोंगाटातून वर यायला एवढे डाव लागतात, पगार त्याच्या फार आधी संपतो. आणि कौशल्याचा मोठा भाग म्हणजे पाने टाकता येणे. ज्याला विकार जडला त्याचे नेमके तेच जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले, तेव्हा खेळाचे वर्णन झाले. रात्री दोनच्या खेळाडूचे नाही. नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला आहे.

या कायद्यातली एक गोष्ट मला वैद्यकीयदृष्ट्या मोलाची वाटते. शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे रुग्ण न घाबरता आमच्याकडे येऊ शकतो. सहज हाताशी असलेले व्यसन दूर झाले की नव्याने अडकणारे कमी होतात, हे तंबाखू आणि दारूच्या बाबतीत आपण पाहिले आहे. पण जो आधीच अडकला आहे, त्याची ओढ राजपत्राने संपत नाही. तो परदेशी ॲपकडे वळतो, जिथे तक्रार करायलाही कोणी नाही. बंदीसोबत जिल्हा रुग्णालयांत समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ वाढले नाहीत, तर काम अर्धेच होईल.

घरच्यांनी काय पाहावे? दोन प्रश्न पुरेसे उपयोगी ठरतात. अधिकाधिक रक्कम लावावीशी वाटते का? आणि किती खेळतो, याबद्दल जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले आहे का? एकाचेही उत्तर 'हो' असेल तर तज्ज्ञांना भेटावे. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, ॲपवरून कर्ज, रात्रीची जागरणे ही पुढची लक्षणे. सगळे कर्ज घरच्यांनी एकदम फेडून टाकले की बहुतेक वेळा खेळ पुन्हा सुरू होतो. त्याऐवजी काही महिने पैशांचे व्यवहार दुसऱ्याच्या हाती द्यावेत आणि कर्जाची यादी सर्वांसमोर करावी. विचारांची पद्धत बदलणाऱ्या समुपदेशनाचा फायदा होतो. सोबत नैराश्य असेल तर औषधेही लागतात. टोमणे मात्र टाळावेत. कर्ज आणि लाज एकत्र आली की आत्महत्येचे विचार येऊ शकतात. तसे बोलणे कानावर आले तर त्याच दिवशी रुग्णालयात आणावे. 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

तो तरुण तीन महिन्यांत चार वेळा येऊन गेला. बँकेचे ॲप आता पत्नीच्या फोनवर आहे, त्याचा फोन रात्री दहानंतर आईकडे असतो. मधे एकदा मित्राच्या मोबाइलवरून खेळला आणि पाच हजार हरला. पण या वेळी दुसऱ्याच दिवशी स्वतः येऊन सांगितले. रक्तदाब १३४/८६ आहे, झोप सहा तासांची. जाताना म्हणाला, "सर, त्या रात्रीचे ४० हजार अजून डोक्यातून जात नाहीत." मी त्याला सांगितले की जातील, वेळ लागेल, आणि पुढच्या महिन्याची तारीख लिहून दिली.