नसबंदी मोजली, दुखणे कोण मोजणार?

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. तो फेटाळला गेला. स्वातंत्र्यानंतर शासनाने कुटुंबनियोजन स्वीकारले खरे, पण बाईचे आरोग्य बाजूला ठेवून नसबंदीचे आकडे तेवढे धरले.

गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के! १९९४ च्या कैरो परिषदेने प्रजनन आरोग्य हा हक्क मानला. १९९६ साली भारताने नसबंदीची उद्दिष्टे मागे घेतली.

पण कागदावरचे धोरण आपोआप दवाखान्यात पोहोचत नाही. संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगते; मात्र ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने थेट न्यायालयातून बजावून घेता येत नाही. तिथे लोकांचा रेटाच लागतो.

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. हुतात्मा बाबू गेनूंच्या महाळुंगे पडवळमधील भगिनींनी तिथे विचारावे: आमच्या आरोग्य केंद्रात स्त्रियांची तपासणी कोणत्या दिवशी होते? कोण करते? औषध मिळते का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. दुखणे सांगण्यात लाज कसली? लाज वाटायची तर ती उत्तर नसणाऱ्या शासनाला वाटावी.