खोटा दाखला आणि चुकलेला दाखला

एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात 'शे. रहीम शे. करीम', रेशन कार्डावर 'रहीम करीम शेख' आणि आधार कार्डावर 'शेख रहिम' असे लागले, म्हणून ती तीन माणसे होत नाहीत. मलकापूर-खामगावपासून मेहकर-लोणारपर्यंत आमच्या बुलढाणा जिल्ह्यात अशी नावे घरोघर आहेत. सांगणारी आई निरक्षर, लिहिणाऱ्याला घाई आणि 'अब्दुल'चा 'अ.' करण्याची कचेरीची जुनी खोड. जन्मतारखेचेही तेच. गुरुजींनी १ जून लिहिले, की झाला जन्म १ जूनला! हा वाढदिवस सर्वधर्मसमभावाचा आहे, एवढेच काय ते समाधान.

या चुकांना आता बनावटगिरी म्हटले जाऊ लागले आहे. मालेगावच्या जन्मदाखल्यांवरून आरोप झाले, जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमले गेले, उशिराच्या जन्मनोंदी थांबल्या. शेजारच्या अकोला-अमरावतीची नावेही त्यात आली. चौकशीला आमची हरकत नाही. पण उशिरा नोंद करणे हा गुन्हा आहे काय? १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदाच वर्ष उलटल्यानंतरच्या नोंदीची वाट सांगतो. पूर्वी तो आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. २०२३ च्या दुरुस्तीने ते काम महसुली दंडाधिकाऱ्यांकडे आले. त्यात नायब तहसीलदारांनी सह्या केल्या आणि तो अधिकार त्यांचा नव्हताच, असे शासनाला नंतर आठवले. सही चुकली अधिकाऱ्याची, दाखला रद्द अर्जदाराचा!

बाळंतपण माहेरी, दाईच्या हातून. नोंद ना माहेरच्या गावी, ना सासरच्या. संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या आदिवासी वस्त्यांतही हेच आढळेल. तिथे कुणी घुसखोर शोधत नाही.

मग खोटे कशाला म्हणावे? शिक्काच बनावट, तो एक प्रकार. शिक्का खरा पण आत सांगितलेली माहिती खोटी, तो दुसरा, आणि पकडायला सर्वांत अवघड. कारण कागद अस्सल असतो. दुसऱ्याच्या कागदावर आपला फोटो लावून वावरणे, तो तिसरा. या तिन्हींत कुणाला तरी फसवण्याचा इरादा असतो. चुकलेल्या वेलांटीत तो नसतो. तपास करणाऱ्याने आधी हा इरादा शोधला पाहिजे, आडनाव नव्हे.

चौथ्या प्रकाराबद्दल मात्र आम्हाला आपल्याच माणसांशी बोलायचे आहे. जुन्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात 'बागवान', 'मोमीन', 'खाटीक' असे न लिहिता सरसकट 'मुसलमान' लिहिले गेले. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तिथे घोडे अडते. मग कुणीतरी एजंट भेटतो, रजिस्टरात खाडाखोड होते, शाई वेगळी दिसते, आणि पडताळणी समितीसमोर खरा बागवानही खोटा ठरतो. हक्क खरा असताना पुरावा खोटा कशासाठी? सरकारी नोंदवहीत किंवा ओळखपत्रात बनावट करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३७ नुसार सात वर्षांपर्यंत कैद आहे. 'काम करून देतो' म्हणणारा तेव्हा फोनही उचलत नाही. अशा दलालाला 'आपला माणूस' म्हणून पाठीशी घालणे आता पुरे झाले.

शासनालाही एक जुनी गोष्ट आठवून द्यावी लागेल. ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जातीचा दावा अवैध ठरला तर त्यावर मिळालेली नोकरी टिकणार नाही. महाराष्ट्र शासनाने २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर घेऊन सांभाळले. त्यातला प्रत्येक जण लबाड होता असे आम्ही म्हणणार नाही. तिथे शासनाने कागदामागचा माणूस पाहिला, त्याच्या मुलाबाळांचा विचार केला. जन्माची साधी नोंद मागणाऱ्या म्हातारीच्या वाट्याला मात्र पोलीस ठाणे का?

दाखला रद्द करण्याआधी प्रत्येकाला नोटीस द्या, म्हणणे ऐका. तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल बुके उघडा, नक्कल मागेल त्याला द्या. आणि आपल्या तरुणांनी त्या नकला म्हाताऱ्यांना मिळवून द्याव्यात, अर्ज स्वतः लिहून, एजंटाला पाच पैसेही न देता.