चार तासांचा हिशेब

जव्हार व मोखाडा तालुक्यांतील प्राथमिक शाळांचे पहिले काम कोणते, याविषयी वाद नाही. मुलास लिहिता-वाचता आले पाहिजे. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजून वाचता यावे असे ध्येय ठेविले, ते योग्यच होय. वाद एवढाच की, त्यासाठी शाळेचा सारा दिवस अक्षरांच्या स्वाधीन करावा काय?

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांस वर्षास निदान २०० दिवस व ८०० तास ठरवून दिले आहेत. म्हणजे दिवसास चार तास. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलाच्या वाट्यास त्यांतले किती उरतात, हे निराळे सांगावयास नको. मग परिसर-अभ्यास, चित्रकला, खेळ ही चैन कशास, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप पोकळ नाही. ज्यास वाचता येत नाही त्यास पुढील सर्व विषयांची दारे बंदच असतात.

परंतु वाचणे म्हणजे नुसता उच्चार नव्हे. घरी वारली किंवा कोकणा बोली बोलणाऱ्या मुलाने पुस्तकी मराठीतील ओळ खडखडीत वाचून दाखविली, म्हणून तिचा अर्थ त्यास लागलाच असे नाही. शब्दामागील वस्तू ठाऊक असली म्हणजे अर्थ लागतो; आणि वस्तूंची ओळख करून देणे हेच तर बाकीच्या विषयांचे काम आहे. नाचणी-वरईचे पीक, उतारावरून वाहून जाणारे पाणी, बाजारातील माप यांविषयी मूल आधी आपल्या बोलीत बोलले व मग त्याने मराठीत दोन ओळी लिहिल्या, तर दोन्ही विषय एकाच तासात साधतात. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ पासून आदिवासी मुलांमध्ये केलेले काम याच वाटेचे होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली.

आमच्या व्यापारी वाचकांस ठाऊकच आहे की, एका खात्याची तूट दुसऱ्या खात्यातून गुपचूप भरल्याने नफा होत नाही. तूट दिसेनाशी होते इतकेच. म्हणून आमचे म्हणणे असे की, चार तासांपैकी दीड तास वाचन-लेखनास अढळ राखावा, व मागे पडलेल्या मुलांचे गट त्यातच निराळे करावे. उरलेल्या अडीच तासांस कोणी हात लावू नये. मात्र त्यांतील प्रत्येक विषयात थोडे बोलणे, थोडे वाचणे, थोडे लिहिणे असावे. अधिक वेळ हवाच असेल, तर तो चित्रकलेतून न काढता शिक्षकाच्या डोक्यावरील अहवाल व तक्ते यांतून काढावा. जनगणना, निवडणुका व आपत्तिनिवारण यांखेरीज शिक्षकास शिक्षणाबाहेरील काम लावू नये असे त्याच कायद्याचे २७ वे कलम सांगते. आणि २९ वे कलम सर्वांगीण विकास व शक्य तेथवर मातृभाषा यांचा आग्रह धरते. कायदा आहे; उणीव आहे ती अंमलाची.

आधी अक्षरे, जगाची ओळख नंतर, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, या डोंगरातील पुष्कळ मुलांच्या वाट्यास ते 'नंतर' येतच नाही.